बत्तीस नंबरचा माग, एकतीसचा हिशेब

"अरे, एकतीस नंबरचा माग रात्रीतून त्रेपन्न कोटी पिका मारलाय बघ. एवढ्यात अख्ख्या महाराष्ट्राचं अंग पुसून होईल."

सकाळी सातला अण्णांचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर टाकीत पाणी किती चढलं ते बघत उभा होतो. पाण्याचा दिवस होता. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे त्या सकाळी माणूस दुसऱ्या कशात नसतो. मी "येतो, येतो" म्हणून फोन ठेवला आणि मग तो आकडा डोक्यात शिरला. त्रेपन्न कोटी?

अण्णांचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. ९६ माग. प्रत्येक मागाला मी एक छोटी पेटी बसवून दिली आहे. आडवा धागा एकदा गेला की एक पिक, एवढंच ती मोजते. आठ-आठ मागांच्या तारा एका कन्व्हर्टरमध्ये येतात, तिथून लॅनवर, आणि प्रत्येक मागाचं एक वेगळं कनेक्शन ऑफिसातल्या छोट्या कॉम्प्युटरशी. त्यावर लिनक्स आणि सी भाषेत लिहिलेला माझा सर्व्हर. कोणता माग थांबलाय, शिफ्टमध्ये किती पिका झाल्या, हे अण्णांना मोबाइलवर दिसतं. कामगारांची मजुरी ते अजूनही वहीवरच काढतात, नशीब माझं.

कारखान्यात पोचलो तर एकतीसवरचा कामगार माझीच वाट बघत होता. "साहेब, मशीन म्हणतंय मी मारलो, तर मग त्याच हिशेबाने द्या की पगार." मागे दोघं-तिघं हसले. मागांच्या खडखडाटात हसू ऐकू येत नाही, दात तेवढे दिसतात.

स्क्रीनवर आकडा होता ५३,८९,७६,२८८. मिनिटाला दीडशे पिका धरल्या तरी तो माग सहा-सात वर्षं एक क्षण न थांबता चालायला हवा. मागच्या दोन महिन्यांत असं आणखी दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा एकतीसच. तेव्हा मी पेटी बदलली होती, तार बदलली होती आणि "सेन्सरचा प्रॉब्लेम होता" असं सांगून चहा पिऊन घरी आलो होतो.

आता थोडं माझ्या उद्योगाबद्दल. हा सर्व्हर को-रूटीनवर चालतो. को-रूटीन म्हणजे मध्येच थांबता येणारं आणि थांबलं तिथूनच पुन्हा सुरू होणारं फंक्शन. कल्पना जुनी आहे, मेल्विन कॉनवेचा त्यावरचा लेख १९६३ चा. फायदा असा की प्रत्येक मागासाठी सरळ रेषेत कोड लिहिता येतो: पॅकेट वाच, तपास, बेरीज कर, पुन्हा वाच. वाचायला काही आलेलं नसेल तर को-रूटीन बाजूला होतं आणि दुसऱ्या मागाचं काम चालू होतं. थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली कामाची स्वतंत्र वाट, एकच. त्यामुळे एकाच आकड्याला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून घालावी लागतात ती कुलपं नाहीत. ९६ मागांना ९६ थ्रेड दिले असते तरी काही बिघडलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पुण्यातली नोकरी सोडून गावी आल्यावर पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी लिहीत होतो. हौस होती. लायब्ररीसुद्धा स्वतःचीच लिहिली.

सी मध्ये असं को-रूटीन बनवायचं तर प्रत्येकाला स्वतःचा स्टॅक लागतो. फंक्शनच्या आत फंक्शन, त्याच्या आत तिसरं, आणि तिथे थांबायचं. मग तिन्हींचे स्थानिक व्हेरिएबल आणि परतीचे पत्ते कुठेतरी जसेच्या तसे राहायला हवेत. ती जागा म्हणजे स्टॅक. एकाकडून दुसऱ्याकडे जाणं हा भाग मला वाटला होता तितका अवघड निघाला नाही. लिनक्सवरच्या सी लायब्ररीत, जी-लिब-सी मध्ये, त्यासाठी स्वॅपकॉन्टेक्स्ट आहे, पण ते दर वेळी सिग्नल मास्कसाठी (कोणते सिग्नल अडवायचे ती यादी) कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, चक्कर मारतं, आणि पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाने तर असली फंक्शनं २००८ च्या आवृत्तीतून काढूनच टाकली. म्हणून मी असेंब्लीच्या पंधरा-वीस ओळी लिहिल्या. एक्स-८६-६४, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, सहा रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) जपायची, स्टॅक कुठवर आलाय ते दाखवणारा स्टॅक पॉइंटर बदलायचा, परत यायचं. झालं.

आणि स्टॅकसाठी जागा? एक ओळ. मॅलॉक, म्हणजे सी मधलं मेमरी मागायचं फंक्शन, १६ केबी.

१६ हा आकडा कुठून आला असं कोणी विचारलं असतं तर मी काहीतरी शास्त्रोक्त उत्तर दिलं असतं. खरं म्हणजे आठ कमी वाटला आणि बत्तीस उधळपट्टी वाटली. सोलापुरात वाढलेला माणूस साठवणुकीच्या बाबतीत जरा विचित्रच असतो. कुठे पिंप भरभरून ठेवेल, कुठे तांब्याने मोजेल. इथे मी तांब्या घेतला.

त्या दिवशी दुपारी कारखान्याच्या ऑफिसात बसलो. अण्णांनी घरून डबा मागवला होता, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने कॅल्क्युलेटरवर तो आकडा उगाच इकडून तिकडे फिरवत होतो. दोनाने भाग, आठाने भाग. मग सहज हेक्समध्ये, सोळाच्या पायाच्या मोजणीत, टाकला.

२०२०२०२०.

भाकरीचा तुकडा हातातच राहिला. हेक्समधला २० म्हणजे आस्कीमधली, अक्षरांना आकडे देणाऱ्या कोष्टकातली, स्पेस. तो आकडा नव्हताच. चार स्पेस होत्या. पिकांच्या बेरजेच्या जागेवर कोणीतरी मजकूर लिहून गेलं होतं.

पेटी मजकूर पाठवत नाही. सर्व्हरमध्ये इतक्या स्पेस एकच फंक्शन लिहितं: लॉग. आणि स्पेसची रांग लागते ती खराब पॅकेट आलं की. तेव्हा मी पॅकेटचे सगळे बाइट हेक्समध्ये मांडून लॉगमध्ये टाकतो, रकाने नीट दिसावेत म्हणून मध्ये मोकळी जागा सोडून. लॉग उघडला. तिन्ही वेळा, एकतीसचा आकडा बिघडण्याच्या थोडं आधी, खराब पॅकेट आलेलं होतं. पण एकतीसचं नव्हे. बत्तीसचं.

हे कसं, ते समजायला मला एका कॅलेंडरचं मागचं पान आणि तासभर लागला. पानावर एकाखाली एक दोन चौकोन काढले. वरचा बत्तीसचा स्टॅक, खालचा एकतीसचा. सर्व्हर सुरू होताना माग ओळीने जोडले जातात, १६ केबीच्या मागण्या एकामागून एक जातात, आणि मॅलॉक त्या एकमेकींना चिकटून देतं. एकतीस आधी, म्हणून खालच्या पत्त्यावर. बत्तीस नंतर, म्हणून वर. स्टॅक मात्र वरून खाली वाढतो. बत्तीसची जागा संपली की तो खाली, थेट एकतीसच्या डोक्यावर उतरतो. आणि स्टॅकच्या डोक्याशी काय असतं? सगळ्यात आधी चालू झालेलं फंक्शन. माझ्या कोडमध्ये मागाचा सगळा हिशेब, शिफ्टची बेरीज धरून, त्याच पहिल्या फंक्शनच्या स्थानिक स्ट्रक्टमध्ये होता.

मग बेरीज केली. पहिल्या फंक्शनमध्ये पॅकेट घ्यायला ४ केबीचा बफर, म्हणजे तात्पुरती जागा. खराब पॅकेट मांडणाऱ्या फंक्शनमध्ये ४ केबीचा बफर. लॉगमध्ये ८ केबीचा. तिन्ही मिळून १६. म्हणजे नुसते बफरच पूर्ण जागा खात होते. परतीचे पत्ते, जपलेली रजिस्टर, मजकूर मांडणाऱ्या आतल्या व्हीएसएनप्रिंटएफच्या फ्रेम (फंक्शनची स्टॅकवरची जागा), यांनी कुठे बसायचं? शेजाऱ्याच्या ओट्यावर.

एरवी, पॅकेट चांगलं असेल तर मधलं फंक्शन चालतच नाही. १२ केबी आणि थोडं वर, आरामात मावतं. म्हणून महिनोन्‌महिने काही झालं नाही. आणि जेव्हा झालं तेव्हा सर्व्हर कोसळला का नाही? नशिबाने, आणि मी त्याला वाईट नशीब म्हणेन. लॉगच्या बफरची सुरुवात, म्हणजे मजकूर जिथे लिहिला जातो तो भाग, बरोबर एकतीसच्या बेरजेवर येत होती. त्याच्याही खाली व्हीएसएनप्रिंटएफच्या फ्रेम उतरत होत्या, पण तिथे एकतीसचा पॅकेट-बफर होता, त्या क्षणी रिकामा. दोन स्टॅकच्या मध्ये मॅलॉकची स्वतःची नोंद असते, मजकूर तिथवर पोचत नव्हता. त्यामुळे जागा परत, म्हणजे फ्री, करतानाही कोणी ओरडलं नाही. सगळं काही जणू ठरवून त्या चार बाइटांवरच येऊन बसत होतं.

संध्याकाळी पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "काय करलालास बे सध्या?" तोही आमच्या साखर पेठेतलाच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गार्ड पेज नाही लावलास?" त्याच्या आवाजात जो ठहराव होता तो मला अजून टोचतो.

रात्री मॅलॉक काढलं, एममॅप घातलं. कर्नलकडून थेट पानांच्या हिशेबात जागा घ्यायची, आमच्या मशीनवर एक पेज ४ केबीचं. स्टॅक ६४ केबीचा केला. आणि सगळ्यात खालच्या टोकाला एक पेज असं ठेवायचं की ज्याला वाचायचीही परवानगी नाही आणि लिहायचीही नाही. हाच गार्ड पेज. स्टॅक उतरत उतरत तिथे पोचला की प्रोसेसर तिथल्या तिथे थांबवतो आणि सेगफॉल्ट येतो. शेजाऱ्याच्या घरात घुसण्याआधी कुंपणावरच पकडला जातो.

६४ केबी गुणिले ९६ म्हणजे ६ एमबी. पण खरी मेमरी तेवढीही जात नाही, आणि ही गोष्ट मला आमच्या गच्चीमुळे पटकन समजली. टाकी हजार लिटरची बसवली म्हणून हजार लिटर पाणी येत नाही. टाकी म्हणजे नुसती जागा. एममॅपने मिळते ती पत्त्यांची जागा, आणि प्रत्यक्ष पेज तेव्हाच लागतं जेव्हा तिथे पहिल्यांदा हात लागतो. माझी बहुतेक को-रूटीन दोन-चार पेजच वापरतात, बाकीची जागा कागदावर. मग टाकी मोठी घ्यायला काय जातं? थ्रेडलाही लिनक्स सहसा ८ एमबीचा स्टॅक देतं ते याच भरवशावर. म्हणजे १६ केबीची काटकसर करून मी वाचवलं काय, तर जवळजवळ काहीच नाही.

बत्तीसची मुद्दाम बिघडवलेली पॅकेट पाठवून चाचणी घेतली. ६४ केबीत सगळं नीट मावलं. मग गार्ड चालतो का बघायला स्टॅक पुन्हा १६ चा केला. सर्व्हर मेला. छान. पण मरताना एक शब्द बोलला नाही. मी सेगफॉल्टसाठी हँडलर लिहिला होता, त्यात कोणत्या मागाचा स्टॅक संपला ते छापायचं होतं. तो चाललाच नाही. का, हे कळल्यावर स्वतःचंच हसू आलं. हँडलर हेही एक फंक्शन, त्यालाही स्टॅक लागतो, आणि स्टॅक तर संपलाय म्हणूनच त्याला बोलावलंय! त्याच्यासाठी सिगऑल्टस्टॅकने वेगळी जागा आधीच राखून ठेवावी लागते आणि नोंदणी करताना तसं सांगावं लागतं. ते केल्यावर ओळ आली: "माग ३२: स्टॅक संपला". इतकी देखणी एरर मी आयुष्यात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी आवृत्ती कारखान्यात लावली आणि दहा मिनिटांत कोसळली. गार्डची ओळ नाही, काही नाही. घरी सगळं चाललं होतं. डीबगरमध्ये बघितलं तर मूव्हॅप्स नावाच्या सूचनेवर पडलं होतं, लॉग फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत.

ही भानगड सांगायलाच हवी. एक्स-८६-६४ वर नियम आहे की कॉल करण्याच्या क्षणी स्टॅक पॉइंटरला १६ ने भाग गेला पाहिजे. कॉल स्वतः ८ बाइटचा परतीचा पत्ता टाकतो, म्हणजे फंक्शन सुरू होतं तेव्हा पॉइंटर १६ च्या पाढ्यात नसतो, ८ ने हुकलेला असतो. मॅलॉकवाल्या कोडमध्ये मी हा हुकलेला ८ कुठून तरी चिकटवून बरोबर आणला होता. एममॅपसाठी लिहिताना "पेजच्या टोकाचा पत्ता आहे, १६ ने भाग जातोच" म्हणून ती ओळ पुसली. पण नव्या को-रूटीनमध्ये आपण कॉल करून शिरत नाही, उडी मारून शिरतो. ८ चा फरक राहिला. बहुतेक कोडला त्याचं काही वाटत नाही. मात्र कितीही आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन, जसं माझं लॉग, त्याला दशांश आकडा दिला की ते सुरुवातीलाच मोठी रजिस्टर स्टॅकवर उतरवतं, आणि ती मूव्हॅप्सने, जिला १६ चा हिशेब चुकलेला चालत नाही. घरी मी पूर्णांकच छापत होतो. कारखान्यात मागाची कार्यक्षमता टक्क्यांत छापली जाते, ८२.४ वगैरे. दशांशचिन्ह आलं आणि सर्व्हर गेला.

एका वजाबाकीची दुरुस्ती. पण त्या वेळात अण्णा मागे उभे राहून बघत होते, आणि कोणी मागे उभं असलं की मला साधी वजाबाकीही येत नाही.

यानंतर मी दोन आठवडे याच विषयात बुडालो. कामापुरतं झालं होतं, पण आता स्वस्थ बसवेना. मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड लावून पाहिलं, त्याने इशाऱ्यांचा पाऊस पाडला. स्टॅक पॉइंटर एकदम दुसऱ्या गावाला गेला की तो गोंधळतो, प्रत्येक स्टॅकची त्याच्याकडे आधी नोंद करावी लागते. जीसीसी या कंपायलरला एक पर्याय देऊन प्रत्येक फंक्शनची फ्रेम किती बाइटची ते फाइलमध्ये काढून घेतलं. ही यादी आधी काढली असती तर ४, ४, ८ हे तीन आकडे पहिल्या पाच ओळींत दिसले असते. शिवाय चाचणीच्या आवृत्तीत सगळा स्टॅक सुरुवातीला एकाच बाइटने भरून ठेवला आणि रात्रभर चालवून कुठपर्यंत पुसलं गेलं ते पाहिलं, टाकीवर पाण्याची खूण बघतात तसं. खऱ्या आवृत्तीत हे करायचं नाही. भरताना प्रत्येक पेजला हात लागतो, म्हणजे रिकामी टाकी स्वतःच भरून ठेवली.

या मोजणीत सगळ्यात खोल गेलेलं को-रूटीन मागांचं नव्हतंच. ते होतं दिवसाचा गोषवारा बाहेरच्या सर्व्हरला पाठवणारं. नावावरून पत्ता शोधायला ते सिस्टिमच्या लायब्ररीला हाक मारतं, आणि ती लायब्ररी आत काय काय करते ते माझ्या हातात नाही. हा मला या सगळ्यातला खरा पेच वाटतो. आपल्या कोडचा स्टॅक मोजता येतो. दुसऱ्याच्या कोडचा आज मोजला तरी उद्या अपडेट आल्यावर तो बदलू शकतो. मी ते काम को-रूटीनमधून काढलं आणि ८ एमबीवाल्या साध्या थ्रेडला दिलं. अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागला.

मग एका रात्री झोपेत असताना, खरंच झोपेत, लक्षात आलं की माझा गार्ड ४ केबीचा आहे आणि लॉगचा बफर ८ केबीचा. स्टॅक पॉइंटर एका उडीत ८ केबी खाली जातो. मधल्या गार्डला स्पर्श न करता पलीकडे उतरला तर? कुंपण चार फुटी आणि उडी आठ फुटी. २०१७ मध्ये स्टॅक क्लॅश नावाने हाच प्रकार सुरक्षेचा प्रश्न म्हणून गाजला होता, आणि त्यानंतर जीसीसीच्या आठव्या आवृत्तीत एक पर्याय आला: मोठी फ्रेम घेताना कंपायलर वाटेतल्या प्रत्येक पेजला एकेकदा हात लावत उतरतो, म्हणजे गार्ड चुकवता येत नाही. तो चालू केला. आणि गार्डही ६४ केबीचा केला, कारण गार्ड कितीही मोठा असला तरी खर्च पत्त्यांचाच, मेमरीचा नाही. लॉगचा बफर तर स्टॅकवरून काढूनच टाकला, सगळ्यांना मिळून एकच ठेवला. एका थ्रेडमध्ये लॉग लिहिताना कोणी मध्ये थांबत नाही, मग ९६ जणांना ९६ बफर कशाला? हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

गंमत म्हणून घरच्या मशीनवर चाळीस हजार खोटे माग जोडून पाहिले. सोलापुरातल्या एका कारखान्यात एवढे माग असणं शक्य नाही, पण हात शिवशिवत होते. साधारण बत्तीस हजारांच्या पुढे गेल्यावर लॉगमध्ये एक ओळ येऊ लागली: मेमरी मिळत नाही. मेमरी तर अर्धी रिकामी होती. शोधता शोधता कळलं की लिनक्स एका प्रोसेसला पत्त्यांचे किती वेगवेगळे तुकडे असू देतं यालाच मर्यादा आहे, सहसा ६५,५३०. माझ्या प्रत्येक स्टॅकचे दोन तुकडे होतात, एक वापराचा आणि एक गार्डचा, परवानग्या वेगळ्या म्हणून ते जोडलेही जात नाहीत. बत्तीस हजार सातशेच्या आसपास कोटा संपतो. आणि मला घाम फुटला तो पुढच्या गोष्टीने. आधी अपयशी होत होता तो एमप्रोटेक्ट, म्हणजे गार्ड लावण्याची पायरी. त्याचं उत्तर तपासणारी ओळ आदल्याच दिवशी घातली होती म्हणून दिसलं. त्याच्या आधी मी एमप्रोटेक्टचं उत्तर तपासतच नव्हतो. म्हणजे गार्ड न लागताही स्टॅक "तयार" म्हणून पुढे गेला असता, आणि मी पुन्हा त्रेपन्न कोटींवर.

मर्यादा वाढवता येते, एका आज्ञेचं काम. कर्नलच्या ६.१३ पासून एमॲडव्हाइजने हलका गार्ड लावायची सोय आली आहे, त्यात तुकडे पडत नाहीत. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर जुना कर्नल आहे आणि तो बदलायचा म्हणजे अण्णांना अर्धा दिवस मोबाइलवर काही दिसणार नाही. तो विषय मी काढलेला नाही.

वापरून झालेले स्टॅक मी फेकत नाही, एका पूलमध्ये ठेवतो, शेवटी आलेला आधी द्यायचा, कारण त्याची पेज अजून गरम असतात. यात एक तोटा आहे. एखादं को-रूटीन एकदाच खोल गेलं तरी त्याने ओली केलेली पेज त्या स्टॅकला चिकटून राहतात. म्हणून पूलमध्ये फार वेळ पडून असलेल्या स्टॅकची पेज एमॲडव्हाइजने कर्नलला परत करतो. सगळ्यांचीच लगेच करून पाहिली होती; मग प्रत्येक नव्या कनेक्शनला पेज पुन्हा मागा, कर्नलने ती पुन्हा शून्याने पुसून द्या. लाइट जाऊन आली की ९६ माग एकदम जोडले जातात, तेव्हा हे दिसायचं.

सहकारी म्हणत होता की गो भाषेत हे काही करावं लागत नाही. तिथे स्टॅक २ केबीपासून सुरू होतो आणि कमी पडला की मोठ्या जागेत नकलून नेतात. खरं आहे. पण त्यासाठी स्टॅकवरच्या कोणत्या जागी पॉइंटर आहे ते भाषेला माहीत असावं लागतं, नकलल्यावर ते सगळे दुरुस्त करायचे असतात. सी ला ते माहीत नसतं. तुकड्या-तुकड्यांचा स्टॅक हाही एक रस्ता होता, पण तुकड्याच्या अगदी काठावर चाललेलं लूप दर फेरीला नवा तुकडा घेत आणि सोडत बसतं. रस्ट भाषेने २०१३ मध्ये आणि गोने पुढच्या वर्षी तो सोडला. मी ६४ केबी, मागे कुंपण, यावर थांबलो.

नवी आवृत्ती लावून आठवडा झाला तेव्हा लॉग चाळत होतो. बत्तीसची खराब पॅकेट अजून येत होतीच. आता ती कोणाचं काही बिघडवत नव्हती, म्हणून पहिल्यांदाच मी ती नीट वाचली. सगळी शिफ्ट सुरू होण्याच्या सुमारास, किंवा लाइट आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. अण्णांच्या वायरमनला घेऊन बत्तीसच्या मागे गेलो. पेटीची तार मोटरच्या तारेबरोबर एकाच पाइपातून ओढलेली होती, जवळजवळ दहा फूट. मोटर चालू होताना तारेत जो गोंधळ होतो तो पॅकेटमध्ये उतरायचा. एकतीसची तार मी दोनदा बदलली होती, बत्तीसकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

वायरमनने नवी तार वरच्या बाजूने नेली. तो शिडीवर असताना एकतीसवरचा कामगार कांडी बदलत होता. माझ्याकडे न बघताच ओरडला, "साहेब, ते त्रेपन्न कोटी तेवढं वहीत मांडून ठेवा हां."